ओव्हरटाइम, पगार आणि कापाकापी: मुंबईतल्या कामगारांचे नेहमीचे प्रश्न

गणपती ते दिवाळी या सीझनमध्ये आणि दर महिन्याच्या दहा तारखेनंतर आम्हाला तेच ते प्रश्न पुन्हा येतात. दादरच्या कापड दुकानातला सेल्समन, लोअर परळच्या मॉलमधली कॅशियर, साकीनाक्याच्या युनिटमधला हेल्पर आणि सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन यांचे शब्द वेगळे असतात, मुद्दा एकच असतो. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमचा प्रश्न तेवढाच वाचलात तरी चालेल. जिथे दुसरं उत्तर जोडून वाचायला हवं, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

आधी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षा व आरोग्य. वेतन प्रदान कायदा १९३६, किमान वेतन कायदा १९४८ आणि कारखाने कायदा १९४८ असे जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. दुकानं, ऑफिसं आणि हॉटेलांसाठी असलेला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मात्र राज्याचा आहे आणि तो वेगळा उभा आहे. म्हणून बहुतेक मुंबईकर कामगारांना दोन्हीकडे बघावं लागतं.

१. ओव्हरटाइम नक्की किती तासांनंतर सुरू होतो?

दुकान, ऑफिस, हॉटेल किंवा गोदामात काम करत असाल तर दोन मर्यादा आहेत, एक दिवसाची आणि एक आठवड्याची (२० पेक्षा कमी कामगार असतील तर प्रश्न ६). २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेली. आठवड्याचे ४८ तास तसेच राहिले. दोन्हींपैकी कुठलीही एक मर्यादा ओलांडली की ओव्हरटाइम सुरू होतो. जेवणाची सुट्टी यात मोजत नाहीत, पण ती खरोखर सुट्टी असली पाहिजे. काउंटरवर बसून, गिऱ्हाईक बघत खाल्लेला डबा म्हणजे सुट्टी नाही.

२. ओव्हरटाइमचा दर किती? आमच्याकडे "सिंगल" देतात.

दुप्पट, म्हणजे डबल. सिंगल ओव्हरटाइम कायद्यात नाही. दुकाने कायदा दुप्पट म्हणतो, वेतन संहिताही दुप्पटच म्हणते, आणि कारखान्यांनाही तेच लागू आहे.

हिशोब असा करा. बेसिक आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला २०,८०० रुपये आहेत असं धरू. भागिले २६ म्हणजे दिवसाला ८०० रुपये, भागिले ८ म्हणजे तासाला १०० रुपये. ओव्हरटाइमचा तास २०० रुपयांचा. महिन्यात २० तास जास्त झाले तर ४,००० रुपये. सिंगल दराने यातले २,००० दर महिन्याला तुमच्या खिशातून जातात.

"कंपनी अडचणीत आहे, सध्या सिंगलच" हे कारण चालत नाही. कोविडच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांना जादा तासांसाठी साध्याच दराने पैसे द्यायची सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम द्यायला सांगितलं. महामारीत जी सवलत टिकली नाही, ती मंदीच्या सीझनमध्ये कशी टिकेल?

३. मालक म्हणतात, रोज मर्यादेतच काम होतं, मग ओव्हरटाइम कसला? हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते याच उत्तरामुळे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोज ९ तास, आठवड्याचे सहा दिवस काम केलंत तर ५४ तास होतात. एकाही दिवशी रोजची मर्यादा मोडलेली नाही. पण ४८ च्या वर ६ तास गेले, आणि ते सहाही तास डबलचे. २०२५ च्या बदलानंतर "आता १० तासांची ड्युटी कायदेशीर आहे" असं सांगून अनेकांच्या ड्युट्या वाढवल्या गेल्या. दिवसाला १० तास चालतील, हे खरं. पण दहा गुणिले सहा म्हणजे ६० तास, म्हणजे दर आठवड्याला १२ तास ओव्हरटाइम. प्रश्न २ मधल्या दराने आठवड्याचे २,४०० रुपये. रोज १० तास विना-ओव्हरटाइम काम करून घ्यायचं असेल, तर पाचव्या दिवशी ८ तासांवर थांबवून दोन दिवस सुट्टी द्यावी लागेल. तशी दोन दिवसांची सुट्टी देणारी दुकानं तुम्हाला किती माहीत आहेत?

उलट बाजूही लक्षात ठेवा. एखाद्या आठवड्यात एकूण ४५ तासच भरले, पण शनिवारी स्टॉक मोजायला १३ तास थांबवलं, तर त्या दिवसाच्या मर्यादेवरचे तास डबलचे होतात.

ओव्हरटाइमलाही वरची मर्यादा आहे. तीन महिन्यांत १२५ तास होती, २०२५ मध्ये ती १४४ केली. त्याहून जास्त काम करून घेणं हा मालकाचा नियमभंग आहे. मर्यादेपलीकडच्या तासांचे पैसे बुडत नाहीत. झालेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात.

४. ओव्हरटाइम फक्त बेसिकवर मिळतो का?

नाही. बेसिक आणि महागाई भत्ता, म्हणजे आपल्याकडे स्लिपवर दिसणारा विशेष भत्ता, दोन्ही धरायचे. घरभाडे, प्रवास भत्ता वगैरे बाहेर राहतात, पण वेतन संहितेने त्यालाही कुंपण घातलं आहे. हे बाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात मिळवायची.

उदाहरणार्थ, एकूण ३१,२०० रुपये. बेसिक आणि विशेष भत्ता १४,०००, बाकीचे भत्ते १७,२००. निम्मे म्हणजे १५,६००, त्यावरचे १,६०० वेतनात आले. वेतन झालं १५,६००, तास ७५ रुपयांचा, ओव्हरटाइम १५० रुपयांचा.

बेसिक आणि विशेष भत्ता मिळून किमान वेतनापेक्षा कमी असूच शकत नाहीत. किमान वेतन ठरवण्यासाठी केलेल्या भागांपैकी मुंबई परिमंडळ १ मध्ये येते, आणि विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. या दोन तारखांनंतरची स्लिप जुन्या स्लिपशी ताडून बघायची सवय लावा.

५. दुकान ९ ला बंद होतं, पण कॅश जुळवून, माल लावून निघायला १० वाजतात. तो तास धरायचा का?

हो. शटर खाली आलं म्हणून काम संपत नाही. मालकाच्या सांगण्यावरून तुम्ही तिथे थांबलात आणि काम केलंत तर तो कामाचाच वेळ. सकाळी दुकान उघडण्याआधीची झाडलोट आणि अर्ध्या तासाची मीटिंगही त्यातच. रात्री घरी पोचल्यावर फोनवर करून घेतलेल्या बिलांच्या नोंदी हेसुद्धा कामच आहे, फक्त सिद्ध करायला थोडं जड जातं (प्रश्न १५). रोजचा एक तास महिन्याला २६ तास होतो. शेवटची विरार किंवा कर्जत लोकल चुकण्याची भीती सोसून केलेले हे तास फुकट द्यायचं काही कारण नाही.

६. आमच्या दुकानात आम्ही चारच जण आहोत. आम्हाला काहीच लागू नाही का?

लागू आहे, पण वेगळ्या दाराने. राज्याच्या दुकाने कायद्यातले तासांचे नियम आधी १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी होते. २०२५ मध्ये हा आकडा २० केला. त्यामुळे मुंबईतली कितीतरी छोटी दुकानं त्या नियमांबाहेर गेली, आणि हा बदल कामगारांच्या हिताचा नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. किमान वेतन, वेळेवर पगार, बेकायदा कापणीला बंदी हे सगळं एका कामगाराच्या दुकानातही लागू. ज्यांचं किमान वेतन ठरलेलं आहे त्यांनी नेहमीच्या कामाच्या दिवसापेक्षा जास्त वेळ काम केलं तर दुप्पट दर द्यायचा, हे कलम १४ मध्ये आहे. दुकान छोटं आहे एवढ्यावर कोणी तुम्हाला परत पाठवलं, तर या कलमाचं नाव घ्या.

७. मला "असिस्टंट मॅनेजर" केलंय, म्हणून ओव्हरटाइम बंद. हे चालतं का?

हुद्द्याच्या नावावर काही ठरत नाही. रोज हातून काय काम होतं ते बघतात. माणसं नेमणं, रजा मंजूर करणं, कारवाई करणं असले अधिकार तुमच्याकडे खरोखर असतील तर तुम्ही व्यवस्थापकीय पदावर आहात. दिवसभर बिलं करत असाल, माल लावत असाल, गिऱ्हाईक बघत असाल, तर पाटी काहीही असो, तुम्ही कामगारच आहात.

दुकाने कायद्यात एक उपयोगी तरतूद आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांवरच्या माणसांना नियमांतून सूट हवी असेल, तर त्यांची यादी आस्थापनेने आपल्या वेबसाइटवर किंवा दर्शनी जागी लावायची असते. ती यादी मागा. बऱ्याचदा यादीच नसते.

८. मी सिक्युरिटीत आहे. १२ तासांची ड्युटी, सहा दिवस. बारा तासांचा एकच पगार ठरवून दिलाय.

बारा सक बहात्तर. आठवड्याला ४८ च्या वर २४ तास. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर ३१२ तास, आणि कायद्याची मर्यादा १४४ आहे. म्हणजे ही ड्युटी पैशांतही मोडते आणि तासांतही. ठरलेल्या रकमेत "ओव्हरटाइम धरलाय" असं एजन्सी म्हणाली, तर ४८ तासांचं किमान वेतन किती आणि उरलेल्या तासांचा डबल किती, हे वेगवेगळं लिहून मागा. आकडे वेगळे केले की फरक लगेच दिसतो.

तुमची नोंदणी बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याच्या सुरक्षा रक्षक मंडळाकडे असेल, तर १९८१ च्या राज्य कायद्याखाली पगार मंडळामार्फत होतो आणि तक्रारही तिथेच करायची.

९. कंत्राटदार पैसे बुडवून पळाला. आता कोणाकडे मागायचं?

ज्यांच्या जागेवर काम केलंत त्यांच्याकडे. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर मूळ मालक जबाबदार राहतो. नंतर तो कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो, ती त्यांची आपसातली गोष्ट. म्हणून कुठे काम करता त्या कंपनीचं नाव, गेट पास, ओळखपत्र यांचे फोटो आधीपासून काढून ठेवा.

१०. रविवारी किंवा सणाला बोलावतात आणि बदल्यात कधीतरी सुट्टी देतात. मग डबल पैसे मिळणार नाहीत का?

आठवड्याची सुट्टी म्हणजे सलग २४ तास. त्या दिवशी बोलावलं तर दुकाने कायद्याप्रमाणे दुप्पट वेतन, आणि बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत. एक दिलं म्हणून दुसरं टळत नाही. सणाच्या पगारी सुट्ट्या वर्षाला आठ आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसात ठरवलेल्या चार. रोजच्या ओव्हरटाइमचे तास साठवून "एक दिवस घरी राहा" असं सांगणं म्हणजे डबलचे पैसे देणं नव्हे.

ही सुट्टी मुंबईत कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तेव्हा १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली.

११. ओव्हरटाइमला नाही म्हणता येतं का?

कारखान्यात आणि कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या नव्या संहितेखालच्या ठिकाणी ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते. दुकानं आणि ऑफिसांत प्रश्न ३ मधल्या ओव्हरटाइमच्या मर्यादेपलीकडे तुम्हाला थांबवता येत नाही. महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी, आणि सुरक्षेची व घरी पोचवण्याची सोय मालकाची. नकार तोंडी देऊ नका, मेसेज करा. "तब्येत बरी नाही, आज थांबू शकत नाही" एवढं पुरतं.

१२. पगार किती तारखेपर्यंत यायला हवा? नोकरी सोडल्यावर हिशोब कधी?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. "पार्टीकडून पेमेंट आलं नाही" ही मालकाची अडचण, तुमची नाही.

राजीनामा दिला, काढून टाकलं, कामगार कपात झाली किंवा धंदाच बंद झाला, तर देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. पूर्वी राजीनाम्याला ही घाई नव्हती, म्हणून "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी" ही पद्धत रुळली. वेतनाच्या बाबतीत आता ती चालत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोब वेगळा.

१३. पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. कॅश कमी भरली तर तीही पगारातून.

गैरहजेरीची कापणी जेवढा वेळ नव्हतात तेवढीच. दिवसाला ८०० रुपये असतील तर पंधरा मिनिटांचे २५ रुपये होतात. ४०० कापणं बेकायदा.

दंडाची मर्यादा त्या पगाराच्या ३ टक्के आहे. तो लावण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हप्त्याहप्त्याने कापता येत नाही आणि ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. कॅश किंवा मालाची तूट कापायची तर ती थेट तुमच्या निष्काळजीपणामुळे झाली, हे दिसलं पाहिजे, आणि खुलाशाची संधी दिली पाहिजे. चार जण एकाच गल्ल्यावर बसतात आणि तूट चौघांत वाटून कापतात, हे या नियमात बसत नाही. सगळ्या कापण्या मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये.

१४. जॉइन होताना "ओव्हरटाइम मागणार नाही" असं लिहून सही केली आहे.

ती सही तुमचा हक्क घालवत नाही. देय रक्कम सोडून देण्याचा करार वेतन संहितेच्या कलम ६० प्रमाणे मुळातच रद्द आहे. किमान वेतनापेक्षा कमी पगार राजीखुशीने घेतला असला तरी तेच. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं काम घटनेच्या कलम २३ मधल्या वेठबिगारीत मोडतं असं म्हटलं. पोटासाठी दिलेल्या होकाराला कोर्टाने खुशीचा होकार मानलं नाही.

१५. मस्टरवर रोज ८ तासच लिहितात. माझ्याकडे पुरावा काहीच नाही.

असतो, फक्त गोळा केलेला नसतो. ड्युटी लावणारे व्हॉट्सॲप मेसेज, "निघू का सर?" असा रात्रीचा मेसेज, बायोमेट्रिकचा फोटो, बिलावरची शेवटची वेळ आणि तुमचं नाव, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष. आजपासून एक साधी वही करा: तारीख, आत आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, जेवणाची सुट्टी. रोजच्या रोज लिहिलेल्या वहीला वजन असतं. तक्रारीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते.

पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा झाला, तर दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. पगाराची स्लिप देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. स्लिप देत नसेल तर तेच तक्रारीत पहिलं लिहा.

१६. तक्रार कुठे करायची?

दुकान, ऑफिस, हॉटेल असेल तर तास आणि सुट्ट्यांसाठी महानगरपालिकेचं दुकाने व आस्थापना खातं. तुमच्या वॉर्ड ऑफिसात शॉप इन्स्पेक्टर भेटतात, गुमास्ता लायसन्सचं कामही तेच बघतात. पगार, किमान वेतन, थकबाकी यासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय, वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. कारखान्यातल्या तासांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. रेल्वे, विमानतळ, मोठं बंदर, बँक इथे कंत्राटावर असाल तर राज्याचं नाही, केंद्राचं कामगार आयुक्त कार्यालय. इथे चुकीच्या दारात बरेच महिने जातात.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय निघू नका. एकट्याला भीती वाटत असेल तर युनियनमार्फतही दावा करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

१७. किती जुनी थकबाकी मागता येते, आणि जास्तीत जास्त काय मिळू शकतं?

वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. जुन्या कायद्यांत ती किमान वेतनासाठी सहा महिने आणि पगारासाठी बारा महिने होती. त्यामुळे २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची थकबाकी असेल तर मुदतीवरून वाद होऊ शकतो. अर्ज लवकर द्या आणि उशिराचं कारण त्यातच लिहा. दहा तासांचा बदल होण्याआधीच्या महिन्यांचा हिशोब त्या वेळच्या नियमाने, म्हणजे ९ तास आणि ४८ तास धरून करा.

थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहापट मिळेलच असं धरून कर्ज काढू नका. ती वरची मर्यादा आहे. मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१८. ॲप्रेंटिस, डिलिव्हरी रायडर आणि घरकाम करणाऱ्या बायकांचं काय?

ॲप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याप्रमाणे प्रशिक्षणाच्या सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमला लावताच येत नाही. "शिकायला मिळतं" म्हणून रात्री दहापर्यंत थांबवत असतील तर ते बेकायदा आहे.

ॲपवरच्या रायडरना सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार म्हणून ओळख दिली, कल्याण योजनांचा हक्क दिला, पण तासांची मर्यादा आणि ओव्हरटाइम दिलेला नाही. ही मोठी उणीव आहे. मात्र त्याच ॲपच्या गोदामात माल उचलणारे आणि पॅक करणारे पगारी कामगार आहेत. त्यांना वरचं सगळं लागू होतं, आणि ते कंत्राटदारामार्फत असतील तर प्रश्न ९ बघा.

घरकाम करणाऱ्या ताईंच्या घरातल्या कामाला दुकाने कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी २००८ च्या राज्य कायद्याने कल्याण मंडळ आहे, तिथे नोंदणी करून ठेवावी. पण एखादी ताई एजन्सीमार्फत ऑफिसच्या साफसफाईला जात असेल, तर ती घरकामगार नाही. तिला ४८ तास, डबल दर आणि ७ तारखेच्या आत पगार, हे तिन्ही मिळायलाच हवेत.